सत्काराची घाई

प्रज्ञेश मेश्रामने अठराव्या वर्षी, मोठ्या क्लबकडून खेळलेल्या पहिल्याच मॅचमध्ये दोन ट्राय केले, म्हणजे दोनदा बॉल रेषेपलीकडे नेऊन टेकवला, आणि तिथून त्याच्या वडिलांचे, सुखदेवचे, पाय जमिनीवर ठरेनात. मॅच टीव्हीवर होती. रग्बी लीग म्हणजे उत्तर इंग्लंडचा खेळ, तेरा-तेरा जणांची धुमश्चक्री. लेस्टरच्या आपल्या मंडळींना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आपलं पोरगं दोन धिप्पाड गोऱ्यांना अंगावर घेऊन रेषेपलीकडे पडलं आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं, एवढं कळायला नियम ठाऊक असावे लागत नाहीत. सुखदेवचा फोन दोन दिवस थांबला नाही.

सुखदेव लेस्टरच्या एका हॉस्पिटलात फार्मसिस्ट. औषधाच्या मिलिग्रॅममध्ये कधी चुकायचा नाही, पण मुलाच्या कौतुकाची वेळ आली की माप म्हणून राहायचं नाही. त्याने तीन महिन्यांत प्रज्ञेशचे तीन सत्कार घडवून आणले: लेस्टर, हाउन्सलो आणि मेडनहेड. शाल, बुद्धमूर्ती, गुच्छ, भाषणं. आपल्या लोकांना सत्काराची हौस आहे आणि ती उगाच नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावात कोणी धड नावाने हाक मारली नाही, त्यांना पोराचं नाव माइकवरून ऐकावंसं वाटणारच. त्यात वाईट काही नाही. वाईट एवढंच की तिन्ही ठिकाणी माइक हातात आला की सुखदेव म्हणायचा, "लिहून ठेवा, दोन वर्षांत हा इंग्लंडकडून खेळणार." उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. लोक टाळ्या वाजवायचे आणि प्रज्ञेश आपल्या बुटांकडे बघत बसायचा. बापाला तो विनय वाटायचा.

ती दोन वर्षं या एप्रिलात भरत आली होती. प्रज्ञेश टीव्हीवर दिसेनासा झाला होता. सीमाने, त्याच्या आईने, एकदोनदा विषय काढला.

"अहो, हल्ली टीममध्ये नाव नसतं त्याचं."

"रोटेशन असतं ते," सुखदेव म्हणायचा. हा शब्द त्याने कुठेतरी ऐकला होता आणि त्याच्यावर तो सहा महिने निभावून नेत होता. प्रज्ञेशला फोनवर विचारलं तर ठरलेलं उत्तर यायचं, "सगळं ओके, बाबा."

अशात आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम ठरला. मंडळाच्या सेक्रेटरीने, शशी वानखडेने, सुखदेवच्या सांगण्यावरून पत्रक काढलं. प्रमुख अतिथी: इंग्लंडच्या उंबरठ्यावरचे रग्बीपटू प्रज्ञेश मेश्राम. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, कम्युनिटी हॉलमध्ये. पत्रक बघून प्रज्ञेशचा मेसेज आला, "शनिवारी कठीण आहे." सुखदेवने ठरवलं की आपण स्वतः गाडी घेऊन गेलो म्हणजे पोरगं नाही म्हणणार नाही.

शनिवारी सकाळी तो निघाला. लेस्टरहून वर यॉर्कशरला दोन-अडीच तास. हा भाग त्याच्या ओळखीचा. बारा वर्षं ते इथेच राहिले होते, प्रज्ञेश खेळायला इथेच शिकला. सुखदेवला लेस्टरची नोकरी लागली तेव्हा सोळा वर्षांचा मुलगा क्लबने ठरवून दिलेल्या एका घरी मागे राहिला होता. क्लबच्या ऑफिसात गेल्यावर तिथल्या बाईंनी आश्चर्याने त्याच्याकडे पाहिलं. प्रज्ञेश फेब्रुवारीपासून इथे नव्हता. दोन पायऱ्या खालच्या एका टीमला त्याला लोनवर, म्हणजे उसना दिला होता, आणि आज त्याची मॅच बाराला सुरू होत होती. बाईंनी पत्ता लिहून दिला.

सुखदेव पोचला तेव्हा खेळ सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली होती. मैदानाच्या एका बाजूला पत्र्याचं छप्पर, दुसऱ्या बाजूला लोकांच्या घरांची कुंपणं. बघायला दीडशे माणसं असतील. गेटवर डेरेक उभा होता. प्रज्ञेश चौदा वर्षांखालच्या टीममध्ये होता तेव्हाचा त्याचा कोच, आता सत्तरीचा. दोघं कठड्याशी उभे राहिले.

प्रज्ञेशकडे उंच मारलेला बॉल आला. त्याने हात पुढे केले आणि बॉल छातीवर आपटून खाली गेला. थोड्या वेळाने पुन्हा तेच झालं. सुखदेवने दुसरीकडे मान वळवली.

"मुलगा सप्टेंबरचा ना तुमचा?" डेरेकने विचारलं.

"पाच सप्टेंबर."

"म्हणजे शाळेचं वर्ष सुरू होतं त्याच महिन्यातला, वर्गात सगळ्यांत मोठा. त्यातून लवकर वाढला. चौदाव्या वर्षी त्याला मिशी होती आणि समोरची पोरं अजून बाळं होती. त्याच्या हातात बॉल द्यायचा आणि बाजूला व्हायचं, एवढंच माझं कोचिंग. जिंकत होतो, मग शिकवतो कोण? त्याच्यावर आपटून पडणारी बारकी पोरं मात्र दर रविवारी काहीतरी नवीन शोधून यायची. त्यांना गत्यंतर नव्हतं. पुढे तीही वाढली. आता वजन सारखं, उंची सारखी, आणि युक्त्या सगळ्या त्यांच्याकडे."

"म्हणजे तो कमी पडला."

"आम्ही कमी पडलो. तो आता शिकतोय." डेरेकने मैदानाकडे बोट केलं. "पूर्वी त्याने हा पास दिलाच नसता. स्वतःच घुसला असता."

सुखदेवला पास दिसला नाही. त्याला तिसऱ्यांदा सुटलेला बॉल दिसला. टीम चौतीस-सहाने हरली.

अर्ध्या तासाने ओल्या केसांनी बाहेर आलेल्या प्रज्ञेशने वडिलांना पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. दोघं बाकावर बसले. डेरेकने चहाचे दोन कागदी कप आणून दिले आणि तो निघून गेला.

"न्यायला आलोय तुला," सुखदेव म्हणाला. "आज जयंती आहे."

"मी मेसेज केलेला ना, बाबा."

"कठीण आहे म्हणालास. लोनचं बोलला नाहीस."

"कसं सांगणार? तुम्ही सगळ्यांना प्रॉमिस केलेलं. मी नाही केलं, तुम्ही केलं." प्रज्ञेशने कप खाली ठेवला. "फर्स्ट टीममध्ये हाय किक यायची ना, तेव्हा मी बॉल बघायचोच नाही. मला वाटायचं, आता हाउन्सलोचे सगळे अंकल बघत असतील. दॅट्स व्हाय आय ड्रॉप्ड इट. एव्हरी टाइम."

"अरे, आम्ही कौतुकच केलं तुझं."

"आय नो. तुम्ही ओरडला असता तर इझी होतं."

हरभऱ्याच्या झाडावर पोराला चढवलं आपणच, आणि खाली कसं उतरायचं ते कोणीच सांगितलं नाही, हे सुखदेवला त्या बाकावर स्वच्छ दिसलं आणि फार लागलं. पण दोनशे लोकांचा हॉलही डोळ्यांपुढे होता.

"लोकांना काय सांगू मी?"

"खरं सांगा." मग प्रज्ञेश वडिलांकडे न बघता म्हणाला, "नाही तर इंजरी सांगा. मला चालेल. पण मी नाही येणार. मला शाल नको, बाबा. इथे कोणी मला ओळखत नाही. मी वाईट खेळतो, मंडे आला की कोच दाखवतो माझा चूक कुठे झाला, मी परत करतो. आय लाइक इट हिअर."

सुखदेव एकटाच परतला. वाटेत त्याने इंजरीची तयारी केली. मांडीचा स्नायू, सहा आठवडे विश्रांती. कोणी खोलात शिरलंच तर गोळ्यांची नावं आणि डोसही त्याने ठरवून ठेवला. खोटंही नीट मापात बोलणारा माणूस. सीमा हॉलच्या दारात उभी होती. तिने रिकामी गाडी पाहिली, नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि दार उघडून धरलं.

कार्यक्रमाची सुरुवात नेहमीप्रमाणे त्रिशरण-पंचशीलाने झाली. सगळे हात जोडून उभे राहिले. खोटं बोलणार नाही हे चौथं शील. सुखदेव ते लहानपणापासून म्हणत आला होता, आणि आजही ते त्याच्या तोंडून सरावाने बाहेर पडलं. पाचवं शील मात्र त्याला म्हणता आलं नाही. बाजूला उभ्या सीमाने त्याच्याकडे पाहिलं.

"प्रमुख अतिथी कुठायत, दादा?" शशीने कानाशी येऊन विचारलं. सुखदेवने त्याच्या हातून माइक घेतला.

"जय भीम. प्रज्ञेश येणार नाही," तो म्हणाला. "त्याला काही लागलेलं नाही. तो मोठ्या टीममध्ये नाही, फेब्रुवारीपासून नाही. आज एका छोट्या टीमकडून खेळला. ती चौतीस-सहाने हरली. त्याच्या हातून तीन बॉल सुटले, मी स्वतः पाहिलं. तो इंग्लंडकडून खेळणार असं त्याने कधीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं. चूक माझी आहे. त्याला कोणी काही विचारू नका, एवढीच विनंती."

शशी हातात शाल घेऊन तसाच उभा राहिला. मग तिसऱ्या रांगेतल्या धम्मशीलाताई उठल्या. तीन वर्षांपूर्वी याच स्टेजवर त्यांच्या मुलीचा, देविकाचा सत्कार झाला होता, मेडिकलला लागली म्हणून.

"देविकाने गेल्या वर्षी सोडलं," त्या म्हणाल्या. "मी तुम्हा सगळ्यांना ती हॉस्पिटलात प्लेसमेंटवर आहे असं सांगते." एवढं बोलून त्या खाली बसल्या. शेजारच्या बाईने त्यांचा हात हातात घेतला.

शशीने शालीची घडी घातली आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. सुखदेव स्टेजवरून उतरून मागच्या पॅसेजमध्ये आला. तिथे जेवणाची भांडी मांडून ठेवली होती. खिशातला फोन वाजत होता. प्रज्ञेश होता.

"बाबा, मी बघितलं. लाइव्ह लावलेलं शशीकाकांनी."

सुखदेवने पॅसेजचं दार लोटलं. "रागावलास?"



"तीन नाही, बाबा," प्रज्ञेश म्हणाला. "चार. मी चार ड्रॉप केले. पहिला तुम्ही यायच्या आधी असणार."

दोन वर्षं सुखदेवने फक्त "सगळं ओके" ऐकलं होतं. तो भिंतीला टेकला. डोळे भरून आले होते, ते त्याने बाहीने पुसले.

"कसा सुटला?" त्याने विचारलं.

आणि प्रज्ञेश सांगू लागला.