अव्वाच्या गळ्यातलं दुसरं इष्टलिंग

सोनोग्राफीच्या खोलीत अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, यायची परवानगी नव्हती. तरी ती आली. २००३ साल होतं, मला सातवा लागला होता, आणि कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघता बघता बोलायच्या थांबल्या होत्या.

"बाळाच्या पोटात गाठ दिसतेय," त्या शेवटी म्हणाल्या. "आत हाडासारखा तुकडा आहे. बहुतेक जुळं होणार होतं. दुसरं वाढलंच नाही, याच्या पोटात अडकून राहिलं. फार क्वचित होतं असं."

"म्हंजे माझ्या नातवंडाच्या पोटात नातवंड?" अव्वा म्हणाली.

"नातवंड नाही हो आजी. त्याला हृदय नाही, जीव नाही. जन्मल्यावर ऑपरेशन करून काढता येईल. पण तोवर ती गाठ फार वाढायला नको, नाहीतर बाळाला धोका आहे."

म्हणजे नुसती वाट बघायची. मी रिक्षात रडले. अव्वा गप्प होती. ती गप्प बसली की डोक्यात काहीतरी शिजत असतं, हे आम्हाला ठाऊक होतं.

आम्ही गडहिंग्लजचे लिंगायत. आमच्या घरात बाळाला इष्टलिंग, म्हणजे गळ्यात घालायचं इवलं शिवलिंग, पोटात असतानाच मिळतं. आठव्या महिन्यात अय्या, म्हणजे आमचे जंगम पुरोहित, ते आईच्या अंगावर बांधतात. जन्मल्यावर ते बाळाचं होतं आणि मरेपर्यंत त्याच्यापाशी राहतं. त्या दिवशी अय्या येऊन पाटावर बसले, तर अव्वा म्हणाली, "दोन काढा."

"जुळं हाय?"

"एकाच्या आत एक हाय."

अय्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगितलं.

"शांतव्वा, जीव न्हाय त्याला इष्टलिंग कसं द्यायचं? माणसं हसतील मला."

"हसू देत की. अवो, त्याचा वाटा मिळाला न्हाय म्हणून ते तिथं हटून बसलंय. त्याचं त्याला दिलं की माझ्या लेकीच्या बाळाला मोकळं सोडंल!"

अप्पा, माझे वडील, भिंतीकडे तोंड करून हसत होते. "द्या अय्या," ते म्हणाले, "न्हायतर आज तुमाला जेवण मिळत न्हाय."

"जबाबदारी तुझी," अय्या अव्वाला म्हणाले. एक त्यांनी माझ्या अंगावर बांधलं. दुसरं अव्वानं आपल्या गळ्यात, स्वतःच्या इष्टलिंगाशेजारी घातलं.

मग रोज भाकरी थापता थापता ती माझ्या पोटाकडे बघून दम द्यायची, "ए दांडगोबा, सरकून बस जरा. तुझं हाय माझ्याकडं, पळून न्हाय जात." मला हसू यायचं आणि तेवढा वेळ भीती मागे पडायची. गाठ वाढली, पण बेतानं. प्रत्येक तपासणीनंतर अव्वा म्हणायची, "बघ, ऐकतंय."

मुलगी जन्मली ती ओरडतच. पुण्याला ऑपरेशन झालं. गाठ अख्खी निघाली, सर्जन म्हणाले. पातळ पिशवी, थोडे केस, एक वाकडं हाड. बाळ उत्तम.

"आन् त्या दुसऱ्याला दुखलं न्हाय न्हवं?" अव्वानं विचारलं.

सर्जन तरुण होते. अव्वाकडे वळून म्हणाले, "नाही, आजी."

शिवलीला आता शाळेत जाते. पोटावरचा व्रण ती पाहुण्यांना न विचारता दाखवते. अव्वाच्या गळ्यातलं ते दुसरं मात्र कधीच उतरलं नाही. "आता कशाला?" म्हटलं की ती म्हणायची, "दिलेलं परत घेत्यात व्हय?"

गेल्या महिन्यात अव्वा गेली. आमच्यात बसवून पुरतात, डाव्या हातात इष्टलिंग देऊन. अय्यांनी तिचं तिच्या तळहातावर ठेवलं. मग ते धाकटं उरलं. अय्यांच्या बोटांत ते लोंबत राहिलं आणि माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"जबाबदारी तुझी म्हटलं हुतं मी," अय्या अव्वालाच म्हणाले. तेही त्यांनी तिच्याच हातात ठेवलं आणि तिची बोटं मिटली.

अप्पा इतका वेळ रडत होते. "आता तिथंबी त्याला सरकून बस, सरकून बस करंल," ते म्हणाले, आणि त्या खड्ड्याच्या कडेला आम्ही सगळे हसलो.