विहिरीवरची दुपार

विजयाबाई निवृत्त झाल्या त्या दिवशी शाळेने त्यांना शाल-श्रीफळ दिलं, आणि मुख्याध्यापक भाषणात म्हणाले, "आता बाईंना वेळच वेळ!" हे वाक्य बहुधा साऱ्या देवळाली प्रवरेने ऐकलं. कारण दुसऱ्या दिवसापासून जो तो तो वेळ मागायला दारात हजर. नणंदेच्या मुलीच्या लग्नाचं रुखवत त्यांच्या गळ्यात पडलं. समोरच्यांनी आपला दहावीतला मुलगा गणितासाठी आणून बसवला. सावेडीहून मुलाचा, सुश्रुतचा फोन आला, "आई, मे महिना इकडेच ये ना. ईराला क्लासला सोडणं-आणणं तू बघशील. तू आता मोकळीच आहेस."

नृसिंहराव बँकेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांना असं कुणी काही म्हणालं नव्हतं. ते नोकरीत असल्यापासून रोज संध्याकाळी मित्राच्या औषधाच्या दुकानामागे पत्त्यांचा मेंढीकोट खेळायला जात. निवृत्तीनंतर सकाळचाही डाव वाढला, एवढाच काय तो फरक.

विजयाबाईंना यात काही वावगं वाटत नव्हतं. हाताला काम नसलं की त्यांनाच चुकल्यासारखं व्हायचं. टीव्ही बघतानासुद्धा त्या शेंगा फोडत.

लग्नासाठी ब्लाउज शिवायला टाकला होता हुमेराकडे. हुमेरा त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. मागच्या गल्लीत तिचं शिवणकामाचं छोटं दुकान होतं. बाई दोनदा गेल्या, दोन्ही वेळा भर दुपारी कुलूप. तिसऱ्यांदा त्या पायरीवर बसूनच राहिल्या. थोड्या वेळाने हुमेरा आली ती ओल्या केसांनी.

"काय गं, ऐन लग्नसराईत दुकान बंद?"

"रागावू नका बाई. पोहायला गेले होते."

"कुठे?"

"गोजरबाईंच्या विहिरीवर. आम्ही चार-पाचजणी जातो. दुपारी पुरुष माणसं झोपलेली असतात, पोरंही नसतात. गोजरबाई शिकवतात." हुमेराने कुलूप काढलं आणि हसत विचारलं, "तुम्हाला येतं का पोहायला?"

"मला कोण शिकवणार? आमच्याकडे नदीवर भाऊ पोहायचे. आम्ही बहिणी काठावर त्यांचे कपडे धरून उभ्या."

"मग चला उद्या."

"खुळी का काय! या वयात?"

"गोजरबाई तुमच्याहून मोठ्या आहेत. आणि बाई, आमचा खेळाचा तास तुम्ही दर वेळी गणिताला घेत होता. त्याची भरपाई म्हणून तरी या."

बाई पायरीवरून उठून थेट घराकडे वळल्या. ब्लाउज तसाच मापाला राहिला.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या, पण नुसतं बघायला असं बजावून. विहीर उसाच्या फडाच्या कडेला होती. दगडी पायऱ्यांची, रुंद तोंडाची. कालव्याला आवर्तन सुटलेलं, त्यामुळे मे महिना असूनही पाणी चांगलं वर होतं. भिंतीच्या कपारीत पारवे घुमत होते. गोजरबाईंनी लुगड्याचा कासोटा आवळला, काठावर उभ्या राहिल्या आणि कुणाला काही कळायच्या आत गुडघे पोटाशी घेऊन असा मुटका मारला की पाणी वरच्या पायरीपर्यंत उडालं. सत्तरीची बाई! वर आल्या तेव्हा तोंडभर हसत होत्या.

"बाई, पाय तरी सोडा पान्यात," त्यांनी खालून हाक दिली. "पान्याला काय तुमचा धाक न्हाई."

बाईंनी पाय सोडले. वर ऊन रणरणत होतं आणि पोटऱ्यांपर्यंत गारवा चढत होता. बाकीच्या बायका पाण्याबाहेर येईपर्यंत त्या बसून राहिल्या. येताना लक्षात आलं, इतका वेळ आपण हातांनी काहीच केलं नाही.

त्यानंतर त्या रोज जाऊ लागल्या. हुमेराने उरलेल्या पॉलिस्टरच्या तुकड्यांतून सगळ्यांसाठी गुडघ्याखाली जाणारी विजार आणि सैल कुडता असा पोशाख शिवला होता. सुती कापड भिजून जड होतं, हे फुगत नाही, असं तिचं म्हणणं. बाईंचा निघाला जांभळा, बाह्या मात्र हिरव्या. पाठीवर तेलाचा रिकामा कॅन बांधून त्या पाण्यात उतरल्या आणि गोजरबाईंच्या दंडाला अशा चिकटल्या की वळ उठले.

"पानी धरू नका, बाई. पानी धरता येत न्हाई. त्याच्यावर रेलायचं. सोफ्यावर रेलता न्हाई का, तसं."

"मी सोफ्यावर कधी रेलले?" बाई ओरडल्या.

सगळ्या खदखदून हसल्या. बाईही हसायला गेल्या, नाकातोंडात पाणी गेलं, ठसका लागला आणि तरीही हसू थांबेना. त्या आवाजाने पारवे फडफडून बाहेर पडले.

घरी मात्र त्या सांगत, ब्लाउजच्या मापाला जाते. एक दिवस नृसिंहराव म्हणाले, "हुमेरा ब्लाउज शिवतेय की तंबू?" बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांना स्वतःचंच नवल वाटे. चोरी केल्यासारखं लपवावं असं त्यात काय होतं? पण कुणाच्याही उपयोगाचं नसलेलं काही आपण रोज करतो, हे सांगायचं तरी कसं?

तेवढ्यात सुश्रुतचा पुन्हा फोन आला. "आई, कधी येतेस? शनिवारी न्यायला येऊ?"

"शनिवारी नको. जूनमध्ये येते."

"जूनमध्ये शाळाच सुरू होते ईराची. आत्ता काय अडचण आहे?"

बाईंनी समोर बघितलं. नृसिंहराव पेपर वाचत होते. "मी पोहायला शिकतेय," त्या म्हणाल्या.

इकडे पेपर खाली आला. पलीकडून सुश्रुतने विचारलं,

"कुठे?"

"विहिरीत. अजून कॅन सुटला नाहीये माझा. मध्येच सोडलं तर सगळं विसरायला होईल."

सुश्रुत काहीतरी पुटपुटला. हाडं, वय, सांभाळ असं काहीबाही. मग "बरं, बघतो" म्हणून त्याने फोन ठेवला. नृसिंहरावांनी पेपराची घडी घातली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मेंढीकोटाला जाता ते कधी विचारून गेलात?"

यावर नृसिंहराव उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचं पातेलं शोधू लागले. सापडायला वेळ लागला, पण त्यांनी हाक मारली नाही.

गोष्ट घरात फुटली तशी गावातही फुटली. चहाच्या टपरीवर कुणी तरी म्हणालं, गोरक्षच्या विहिरीवर बायकांची जत्रा भरते. गोरक्ष गोजरबाईंचा मुलगा. दुसऱ्या दिवशी बायका पोचल्या तर पायऱ्यांच्या लोखंडी फाटकाला कुलूप, आणि गोरक्ष मोटारीच्या खोलीपाशी उभा.

"बाई, तुम्हीसुद्धा?" त्याने विजयाबाईंना पाहून मान खाली घातली. तोही त्यांच्याच हाताखालचा. "उद्या कोन बुडालं तर मी काय करू? समदे मलाच धरतील."

"तुझी पोरं सकाळी इथेच उड्या मारतात ना? त्यांच्यासाठी कधी कुलूप लावलंस?"

"पोरांचं येगळं."

"कसं वेगळं?"

गोरक्ष किल्ली या हातातून त्या हातात करत राहिला. बाईंना पुढे रेटवेना, कारण त्याच्या डोळ्यांत भीती दिसत होती आणि ती खोटी नव्हती. मागच्या बायका परतायला वळल्या. हुमेराने पोशाखाची पिशवी खांद्यावर टाकली. तेवढ्यात गोजरबाई बांधावरून आल्या आणि कुलूप बघून फाटकापाशी मटकन बसल्या.

"गोरख्या, ही हीर कुनी खांदली?"

"आई, आता ते कशाला—"

"तुज्या बापानं आन् मी. तू झोळीत हुतास, त्या बाभळीला टांगल्याला. पानी लागलं तवा तुजा बाप नारळ आनाया गावात पळाला. मी एकलीच हुते. मी काय केलं ठाऊक हाय? लुगड्यासकट आत बसले. गळ्यापत्तुर. लई येळ." त्यांनी फाटकाचा गज धरला. "मग घरात सून आली, नातवंडं आली, आन् मी निसती पानी शेंदत राह्यले. आता पुन्यांदा बसाया लागले तर तू कुलूप लावतोस व्हय?"

गोरक्ष वळला. मोटारीच्या खोलीत गेला, तिथून जाड दोरखंडाचा सोल आणि ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब घेऊन आला. सोलाचं एक टोक त्याने या काठाच्या खुंटाला बांधलं, दुसरं समोरच्या काठाला, पाण्याच्या अगदी वरून जाईल असं. ट्यूब आत सोडली. मग कुलूप काढलं.

"एकटीनं कुनी उतरायचं न्हाई," तो गोजरबाईंकडे न बघता म्हणाला. "आन् पोरांना मी सांगतो, दुपारी इकडं फिरकायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्याची बायकोही आली. तिच्यासाठी पोशाख नव्हता म्हणून ती साडीतच ट्यूबला धरून बसली.

मे महिना सरता सरता विजयाबाईंचा कॅन सुटला. पहिल्या दिवशी त्या सोलाला धरून कडेकडेने गेल्या, मग त्यापासून दोन हात लांबून, मग मधून. पण त्यांना आवडायचं ते उताणं पडून राहणं. कान पाण्याखाली गेले की बायकांची बडबड लांब जाई. वर विहिरीच्या तोंडाएवढं गोल आभाळ. त्या डोळे उघडे ठेवून पडून राहत. गोजरबाई म्हणत, बाईंना आता तरंगायलाच आवडतं, पोहायला कोण सांगणार!

शेवटच्या रविवारी सुश्रुत आला, ईराला घेऊन. ईराने आईशी भांडून क्लास सोडला होता. आजी विहिरीत उडी मारते हे तिला बघायचंच होतं. सुश्रुत फाटकाबाहेर उभा राहिला, त्याला आत यायची परवानगी नव्हती. आतून ईराच्या किंकाळ्या आणि त्यामागोमाग हसणं ऐकून तो दोनदा "आई, बरं आहे ना?" असं ओरडला. तिसऱ्यांदा विचारलं नाही. बांधावर बसला, आणि तिथेच आडवा होऊन झोपला. आठवडाभराची झोप साठली होती.

पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं आणि गोरक्षने आपण होऊन सांगितलं, आता चार महिने बंद. पण दुपारची ती वेळ बायकांच्या अंगवळणी पडली होती. त्या हुमेराच्या दुकानात जमू लागल्या. नृसिंहरावांनी माळ्यावरून सुश्रुतच्या लहानपणीचा कॅरम काढला, पुसला आणि पावडरच्या डब्यासकट स्वतः पोचवला. दारातूनच परतले, कारण आत कुणी त्यांना बसायला सांगितलं नाही.

गोजरबाईंनी आयुष्यात स्ट्रायकर धरला नव्हता. पहिल्या दिवशी त्यांच्या टिचकीने तो उडून शिलाई मशीनखाली गेला.

"लई गुळगुळीत हाय गं हे," त्या म्हणाल्या.

"जोर नका लावू, गोजरबाई," विजयाबाई त्यांचं बोट धरून सांगत होत्या. इतक्यात दारात समोरची शेजारीण आली. "बाई, मुलाला एक उदाहरण अडलंय, आत्ता येता का?"

विजयाबाईंनी मान वर केली नाही. "पाचनंतर पाठव. राणी घ्यायचीये आम्हाला," त्या म्हणाल्या आणि गोजरबाईंना म्हणाल्या, "हं, आता मारा."