पद्माबाईंच्या काळात

सावरटेक हे हट्ट्यापासून सात किलोमीटर आत असलेलं गाव. पद्माबाई खिल्लारे तिथं पाच वर्षं सरपंच होत्या. ती मुदत संपून आता दहा वर्षं होत आली होती. मधल्या काळात एक सरपंच होऊन गेले, त्यांच्यानंतर आलेले बालाजीराव आता दुसऱ्यांदा निवडून आले. पद्माबाई आपल्या दोन एकरांत हळद करत होत्या, आणि सून करुणा गावात आशा सेविका म्हणून काम करत होती.

तरी पद्माबाईंचं नाव रोज संध्याकाळी सात वाजता निघायचंच. गावचाच सोमेश्वर कऱ्हाळे वसमतला राहून मोबाईलवर ‘गावमत’ नावाचं चॅनल चालवायचा. गळ्यात माईक, मागं निळा पडदा, समोर कागद. तालुक्यातल्या राजकारणावर तो अर्धा तास बोलायचा आणि शेवटची पाच मिनिटं आपल्या गावाला द्यायचा. टाकी गळते, कारण ती पद्माबाईंच्या काळात बांधली. डास वाढले, कारण पद्माबाईंच्या काळात नियोजन झालं नाही. दुपारची एसटी बंद झाली, तेव्हाही तो म्हणाला, “याची मुळं कुठं आहेत, ते जनतेला चांगलं माहीत आहे.” एकदा तर मोबाईलला रेंज मिळत नाही म्हणून त्यानं टॉवरची जागा कुणाच्या काळात नाकारली असा सवाल केला. जागा कुणीच नाकारली नव्हती, कारण कुणी मागितलीच नव्हती.

करुणा ते बघून चिडायची. “आत्या, तुमी एकदा तरी बोला की त्याला. काहून ऐकून घेता?”

“बोलू दे त्याला. माझं काय झिजतं?” असं म्हणून पद्माबाई उठून जायच्या. त्यांना राग येत नव्हता असं नाही. पण पाच वर्षं खुर्चीवर बसलेल्या माणसाला चार लोकांचं ऐकावं लागतं, हे त्यांनी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली त्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, तिसऱ्या वर्गाच्या खोलीत छताचा गिलावा पडला. हातभर रुंद तुकडा. खाली कोमल बसली होती, सोमेश्वरच्या थोरल्या भावाची मुलगी. डोक्याला चार टाके पडले. हट्ट्याला दवाखान्यात नेईपर्यंत फ्रॉक रक्तानं भिजला होता, पण जीव वाचला. दुपारपर्यंत ती घरी येऊन बिस्कीट खात होती.

सोमेश्वरला वसमतला भावाचा फोन गेला. लेकराच्या डोक्यात शाळेचं छत पडलं, एवढंच भाऊ रडत रडत बोलला. त्या संध्याकाळी सोमेश्वर नेहमीसारखा कागद बघून बोलला नाही. डोळे लाल होते. “माझी पुतणी मरता मरता वाचली. ह्या शाळेच्या खोल्या कुणाच्या काळात बांधल्या? पद्माबाईंच्या! काय खाल्लं त्या कामात, ह्याचा हिशोब गावानं मागितला पाहिजे.”

तो व्हिडिओ आजूबाजूच्या बारा गावांत फिरला. दुसऱ्या दिवशी बालाजीरावांनी ग्रामपंचायतीच्या कागदावर अर्ज लिहिला, की माजी सरपंचांच्या काळातल्या खोल्या धोकादायक असून त्या तात्काळ बंद कराव्यात. अर्जाला व्हिडिओची लिंकसुद्धा जोडली. शनिवारी पंचायत समितीच्या शिक्षण विभागाचं पत्र आलं. २०१३ साली बांधलेल्या खोल्या पुढील आदेशापर्यंत बंद ठेवाव्यात आणि वर्ग उर्वरित खोल्यांत भरवावेत.

सोमवारी करुणा शाळेत लेकरांची वजनं घ्यायला गेली होती. परत आली ती दारातूनच बोलत. “आत्या, तुमच्या दोन्ही खोल्यांना कुलूप लावलंय.”

“माझ्या कोणत्या?”

“मारुतीकडच्या. एक आन् दोन नंबर.”

“मंग लेकरं कुठं बसली?”

“तीन आन् चारमदी.”

पद्माबाई हळदीच्या शेतात जायला निघाल्या होत्या. हातातला डबा त्यांनी चुलीजवळ ठेवला आणि चप्पल घातली.

शाळेच्या चार खोल्या एका ओळीत होत्या. चारही खोल्यांना एकच पिवळा रंग, त्यामुळं बाहेरच्या माणसाला त्या एकाच वेळी बांधल्यासारख्या वाटायच्या. मारुतीच्या देवळाकडच्या दोन पद्माबाईंनी बांधून घेतल्या होत्या. रस्त्याकडच्या दोन बालाजीरावांच्या पहिल्या मुदतीत, २०२१ला झाल्या. गिलावा पडला होता तीन नंबरच्या खोलीत.

मुख्याध्यापक उत्तमसिंग राठोड वर्षभरापूर्वीच बदलून आले होते. त्यांनी पद्माबाईंना खुर्ची दिली आणि पत्र पुढं ठेवलं.

“ताई, मला कळत नाही का? पडलं तीनमध्ये, बंद केली एक आणि दोन. मी फोन केला. साहेब म्हणाले, पत्र निघालंय, आठ दिवसांत पाहणीला येतो, तोवर पत्राप्रमाणे करा. सरपंचांनी तीन नंबरला सिमेंट लावून दिलंय.”

“तुमी खोलीत जाऊन बघितलं?”

“बघितलं.” ते म्हणाले. “रोज बघतो. वर बघतच शिकवतो.”

पद्माबाई तीन नंबरच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. बेचाळीस लेकरं दाटीवाटीनं बसली होती. डोक्याला पांढरी पट्टी बांधलेली कोमल पहिल्याच रांगेत होती. वर नवीन सिमेंटचा काळपट गोल डाग दिसत होता आणि त्याच्या कडेनं केसासारखी बारीक भेग भिंतीपर्यंत गेली होती.

त्यांनी तिथूनच सोमेश्वरला फोन लावला. दहा वर्षांत पहिल्यांदा.

“बोला पद्माबाई,” सोमेश्वरचा आवाज सावध होता. “मी कॉल रेकॉर्ड करतोय, आधीच सांगतो.”

“कर बाबा. माझं नाव घ्यायचं तर घे, रोज घे. पण खोली बराबर सांग. तुज्या बोलण्यानं चांगल्या खोल्यांना कुलूप लागलं आन् कोमल आत्ता त्याच छताखाली बसलीय. मी तिच्यासमोर हुभी हाय.”

“कोणत्या छताखाली?”

“जे पडलं त्याच्या. तीन नंबर.”

“तीन नंबर तुमच्याच काळातली ना?”

“एकवीस सालची हाय. मी पंधराला उतरले.”

 सोमेश्वरनं फोन ठेवला. पद्माबाईंना वाटलं, संपलं. त्या सरांच्या खोलीत येऊन बसल्या. सरांनी चहा मागवला. पाऊण तासानं मोटरसायकल फाटकातून आत आली आणि सोमेश्वर गाडी नीट स्टँडवर न लावताच खाली उतरला.

तो कुणाशी बोलला नाही. सरळ तीन नंबरमध्ये गेला, कोमलच्या डोक्यावर हात ठेवला आणि वर बघितलं. उत्तमसिंग सरांनी कोपऱ्यातला झेंड्याचा बांबू आणला आणि छत हळूच ठोकत गेले. भिंतीजवळ आवाज भरीव आला. बांबू मधे आला तेव्हा छत मडक्यासारखं पोकळ वाजलं. भेगेजवळ तिसऱ्यांदा ठोकल्यावर वाळूची धार सरांच्या खांद्यावर पडली.

“सर, लेकरं बाहेर काढा,” सोमेश्वर म्हणाला.

“मला पत्र...”

“पत्राचं मी बघतो. काढा आधी.”

लेकरं दप्तरं घेऊन लिंबाखाली गेली. सरांनी तीन आणि चार नंबरला कपाटातली कुलपं आणून लावली आणि तसं हजेरीच्या रजिस्टरवर लिहून सही केली. हे सगळं दहा मिनिटांत झालं. त्यानंतर सोमेश्वर शाळेच्या पायरीवर बसला. पद्माबाई शेजारी येऊन बसल्या. दोघांमध्ये एका माणसाची जागा होती.

“मला वाटलं, चारही तुमच्याच,” तो म्हणाला.

“इचारायचं होतं.”

“इचारलं असतं तर व्हिडिओ दुसऱ्या दिवशी गेला असता.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “खरं सांगू मावशी? तुमचं नाव घेतलं की लोक बघतात. तुमी खुर्चीवरून उतरलेलं माणूस. तुमचं नाव घेतल्यानं कुणाला तकलीफ न्हाई. बालाजीरावाचं घेतलं की त्याच सांजेला फोन येतो. सणाची जाहिरात त्याचीच असती माझ्याकडं. आन् तुमी कधी उलटून बोलला न्हाईत. मंग सवयच लागली.”

“व्हय. दिसतंय ते.”

“दहा वर्षांत एकदा बी राग न्हाई आला?”

पद्माबाई लिंबाखालच्या लेकरांकडं बघत होत्या. “राग येत व्हता. पण एका गोष्टीचं नवल वाटायचं. माझी एक चूक झाली, खरोखरची. आमच्या वस्तीतली नाली. इंजिनिअर म्हणत व्हता उतार उलटा होऊन राहिलाय, थांबा. मी म्हणलं, मार्च संपतोय, निधी वापस जाईल, करून टाक. तवापासून समद्या वस्तीचं पाणी खाली राहणाऱ्या देवलाबाईच्या अंगणात जातं. बारा वर्षं ती माय अंगणात विटा टाकून त्यावरून चालती. ते तू एकदा बी बोलला न्हाईस.”

“मला कुणी सांगितलंच न्हाई.”

“मला कुणी इचारलंच न्हाई,” पद्माबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी सोमेश्वरनं निळ्या पडद्यासमोर न बसता शाळेच्या अंगणातूनच व्हिडिओ केला. सुरुवात करताना सवयीनं “पद्माबाईंच्या काळात” एवढं बोलून अडखळला. मग म्हणाला, “न्हाई. माझी चूक झाली. पडलेली खोली पद्माबाईंच्या काळातली नाही. मी न विचारता बोललो, त्यामुळं चुकीच्या खोल्या बंद झाल्या.” त्यानं बांबू लावून छताचा आवाज ऐकवला आणि बांधकामाचं साल सांगितलं. बालाजीरावांचं नाव त्यानं घेतलं नाही. साल सांगितल्यावर गावाला ते कळणारच होतं.

हा व्हिडिओ पहिल्याच्या निम्म्यानंही बघितला गेला नाही. खाली लोकांनी लिहिलं, पद्माबाईंनी किती दिले? कुणी लिहिलं, विकला गेला. बालाजीरावांचा फोन आला, तो लांबला, आणि जाहिरात बंद झाली. पण गुरुवारी साहेब पाहणीला आले. त्यांनी हातोडीनं छत वाजवून बघितलं, मान हलवली आणि एक व दोन नंबर उघडायला सांगितलं. आता चार वर्ग दोन खोल्यांत, दोन पाळ्यांत भरतात. रस्त्याकडच्या खोल्यांची चौकशी अजून चालू आहे.

पुढच्या आठवड्यात सोमेश्वर पुन्हा आला, देवलाच्या अंगणात. पद्माबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि नालीचा उलटा उतार दाखवून म्हणाल्या, “हे माझ्या हातून झालं.” तेवढंच. देवला मागं पदर तोंडाशी धरून उभी होती.  कॅमेरा बंद झाल्यावर ती एवढंच म्हणाली, “बाई, तुमी एकदा सांगितलं असतं तरी चाललं असतं.”  घरी येऊन पद्माबाई बाजेवर बसल्या. करुणानं काय झालं विचारलं तर म्हणाल्या, “तिला मी बारा वर्षं राम राम घालून पुढं जात व्हते.”

ग्रामसभेत त्यांनी नालीचा विषय काढला. बालाजीराव हसून म्हणाले, “ज्यांच्या काळात बिघडलं, त्यांनीच बघावं.” सभेत चारदोन लोक हसले. पद्माबाई हसल्या नाहीत. “बरं,” म्हणाल्या.

पुढच्या दोन रविवारी पद्माबाई, करुणा, देवलाची दोन्ही मुलं आणि वस्तीतली पाच-सहा माणसं नाली खोदत होती. वस्तीतला एक जण वसमतला गवंडीकाम करायचा, त्यानं दोरी लावून उतार धरला. दुसऱ्या रविवारी सोमेश्वर आला, तेव्हा त्यानं मोबाईल खिशातच ठेवला आणि दुपारपर्यंत घमेली वाहिली. सवय नसल्यानं हाताला फोड आले. संध्याकाळी वरच्या हौदातून पाणी सोडलं. ते नालीतून खाली गेलं, देवलाच्या दाराशी क्षणभर रेंगाळलं आणि कोपऱ्यावरून वळून ओढ्याकडं निघालं. देवलानं अंगणातल्या विटा एकेक करून उचलल्या आणि कुडाला लावून रचल्या.

सोमेश्वरचा कार्यक्रम अजूनही सात वाजता असतो. पद्माबाईंचं नाव अजूनही कधीमधी येतं. गेल्या महिन्यात तो टाकीवर बोलला, पण त्या आधी दुपारी त्याचा फोन आला होता.

“मावशी, टाकी कोणत्या सालची?”

“चौदाची. माझीच हाय,” पद्माबाई म्हणाल्या. “पण व्हॉल्व्ह दोन वर्षांमागं बदललाय, तो बी बघून घे.”