मांडणीवर आलेलं मोडकं स्टूल

मी एक जुनी लोखंडी मांडणी आहे. हल्ली मला सगळे रॅक म्हणतात, पण ज्याने मला जोडलं तो शिवराम मला मांडणीच म्हणायचा. कोपरीतल्या त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. चार उभे खांब, पाच फळ्या आणि वरून राखाडी रंगाचे दोन हात. रंग वाळायच्या आधीच गुणाजी मला न्यायला आले, कारण त्यांच्या भांड्यांच्या दुकानाचा मुहूर्त दुसऱ्या दिवशी होता.

मित्रांनो, त्या दुकानात मी बावीस वर्षं उभी राहिले. तिसऱ्या फळीवर कुकर असायचे, म्हणून ती अजूनही मधोमध किंचित वाकलेली आहे. लग्नसराईत नणंदा-भावजया रुखवतासाठी डबे निवडायला यायच्या आणि एकेका डब्यावरून तास तास घालवायच्या. त्या गडबडीत मला फार बरं वाटायचं. पुढे इमारत पुनर्विकासाला गेली, गुणाजींचे गुडघेही थकले आणि त्यांनी दुकान आवरलं. मी भंगारात जायची, पण त्यांची सून रसिका म्हणाली, "बाबा, रॅक राहू द्या. मला धंद्याला लागेल." टेम्पोत बसून मी डोंबिवलीला तिच्या घरी आले.

मी मनातून खूश होते. पण रसिकाच्या धंद्यात मालच नव्हता.

तिचं दुकान मोबाईलमध्ये होतं. त्यात नुसती चित्रं असत. कुणी मागणी नोंदवली की ती दूरच्या एका पुरवठादाराला कळवायची, आणि तो परस्पर गिऱ्हाइकाच्या घरी वस्तू पाठवायचा. याला ड्रॉपशिपिंग म्हणतात, असं ती गुणाजींना समजावून सांगत होती. ते कौतुकाने ऐकत होते. घरात एक खोकं न आणता सून दुकान चालवते, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. माझ्यावर मात्र इस्त्रीचे कपडे, जुनी बॅग आणि बंद पडलेला मिक्सर आला. कुणी माझी धूळही पुसत नसे. खालच्या फळीला गंज धरू लागला.

असं वर्षभर चाललं. मग एका दुपारी बेल वाजली. दारात सत्तरीचे एक गृहस्थ होते. त्यांच्या हातात मोठी कापडी पिशवी होती. नाव परशुराम, राहणार ठाकुर्ली. पार्सलवर विक्रेता म्हणून रसिकाचा पत्ता होता, त्यावरून ते घर शोधत आले होते. त्यांनी पिशवीतून अंघोळीला बसायचं स्टूल काढलं. एक पाय पार वाकलेला होता. ते जमिनीवर उभं राहीना, म्हणून त्यांनी ते माझ्या फळीवर टेकवलं. त्यांची पत्नी हौसाबाई चौथ्याच दिवशी त्यावरून पडल्या होत्या आणि त्यांचं मनगट मोडलं होतं.

"हे बघा ताई, मी भांडायला आलेलो नाही," परशुराम म्हणाले. "एकच विचारायचंय. तुमच्या दुकानात लिहिलंय, आम्ही स्वतः वापरून पाहिलेली वस्तू. पाहिली होती का?"

रसिकाने स्टूलाचा वाकलेला पाय हातात धरून पाहिला. खोटं बोलणं सोपं होतं. आतल्या खोलीत गुणाजी जागे होते.

"नाही काका," ती म्हणाली. "हे स्टूल मी आज पहिल्यांदा बघतेय."

परशुरामांनी मान हलवली, ते पाणी प्यायले आणि निघून गेले. स्टूल मात्र त्यांनी परत नेलं नाही.

रसिकाने विचारल्यावर पुरवठादाराने कळवलं, माल त्याच्याकडून नीटच निघाला होता. संध्याकाळी रसिकाचा नवरा संदेश घरी आला, तेव्हा ती कागदावर नावं लिहीत बसली होती. तसलंच स्टूल आणखी सदतीस घरांत गेलं होतं. त्या सगळ्यांना ती फोन करणार होती.

"अगं, असे फोन केलेस तर दुकान बंद पडेल," संदेश म्हणाला. "चूक त्याची आहे, तुझी नाही."

"'वापरून पाहिलेली वस्तू' हे वाक्य मी लिहिलेलं, संदेश. त्याने नाही."

फोन दोन दिवस चालले. स्टूलावर कुणाला बसू देऊ नका, पैसे परत करते, एवढंच ती सांगायची. काहींनी तिला नको नको ते ऐकवलं. कल्याणच्या एका बाईंनी मात्र वेगळंच सांगितलं. त्यांचे वडील रोज म्हणत होते की स्टूल हलतंय, आणि घरच्यांना वाटत होतं, म्हातारपणाची कुरकुर आहे. रसिकाने फोन ठेवला आणि माझ्या खांबाला पाठ टेकून ती खाली बसली. वर्षभरात ती पहिल्यांदाच माझ्याजवळ बसली होती.

मग तिने दुसरी वाट शोधायला घेतली. घाऊक बाजारातून थोडाथोडा माल आणून घरी तपासावा, असं आधी ठरवलं. बाजारात चार प्रकारची स्टूलं पाहिली, चारही तिला डुगडुगती वाटली. मोठ्या गोदामात माल ठेवला तर गोदामवालेच तो गिऱ्हाइकांना पाठवतात, असं एकाने सुचवलं. पण तिथेही वस्तू तिच्या हाताखालून जाणार नव्हती. शेवटी संदेशच्या ओळखीने ती शीळफाट्याजवळ धनेशच्या वर्कशॉपमध्ये गेली. धनेश तिथल्याच शेतकरी घरातला. वडिलांच्या जागेत तो ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवायचा. आधी मागणी घ्यायची, मग एका वेळी दहा स्टूलं बनवायची, असं दोघांचं ठरलं.

पहिलं स्टूल आलं. रसिकाने बाथरूममध्ये साबणाचं पाणी ओतलं आणि भरभक्कम संदेशला त्यावर बसवलं. स्टूल सरकलं, संदेश भिंतीला धरून वाचला. धनेशने पायांना जाड रबर लावून दिलं. ते रबरही पायांतून निसटलं. तिसऱ्या वेळी त्याने रबर स्क्रूने घट्ट बसवलं आणि स्टूल जागचं हललं नाही. तेव्हा कुठे तिने माझी धूळ पुसली, गंज घासून मला रंग दिला आणि तशीच बनवून घेतलेली स्टूलं ओळीने माझ्यावर मांडली.

दुकानात आता लिहिलं होतं, 'वस्तू आठ दिवसांनी मिळेल.' खूप गिऱ्हाइकं तेवढं वाचूनच निघून गेली. महिन्याला जेमतेम दहा स्टूलं जात. संदेश काळजीत असे, रसिकाही असे. तरी पाठवण्याआधी प्रत्येक स्टूलावर ती स्वतः बसायची.

एके दिवशी परशुराम पुन्हा आले. या वेळी हौसाबाई बरोबर होत्या. प्लास्टर निघालं होतं, पण हात अजून पुरता बरा नव्हता. रसिका त्यांच्याकडे नवं स्टूल घेऊन गेली होती, पण हौसाबाईंनी त्याला हात लावला नव्हता. कुणी आणून दिलेल्या वस्तूवर मी बसणार नाही, मी माझी निवडेन, असा त्यांचा हट्ट होता.

त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. चांगल्या हाताने एकेक स्टूल दाबून पाहिलं, पाय हलवून पाहिले. चौथं खाली काढायला लावलं. मग हळूच, अर्धं अंग उचललेलंच ठेवून, त्या टेकल्या. हळूहळू त्यांनी सगळा भार खाली सोडला.

"बसले बाई," त्या म्हणाल्या. मग रसिकाकडे बघून, "तूही बस की. किती वेळ उभी आहेस."

उठताना त्यांनी आधाराला माझा खांब धरला. एवढ्या वर्षांत मी डबे पेलले, कुकर पेलले, पण उठणाऱ्या माणसाचा सगळा भार माझ्यावर पहिल्यांदाच आला होता. मी हलले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी मांडणी असेल तर तिला कधीतरी पुसत जा. आणि तुमच्या हातून दुसऱ्याच्या घरी काहीही जाणार असेल, तर ते आधी स्वतः हात लावून बघा. पलीकडे कुणीतरी डोळे मिटून त्यावर बसणार असतं.