सोळा मोटारी बंद होत्या

मी डीपी बोलतोय. कागदावर मला ट्रान्सफॉर्मर म्हणतात, पण तलवाड्याच्या पुढं, ओढ्याच्या शिवारात तसं कोणी म्हणत नाही. दोन खांबांच्या मधोमध बसलेला लोखंडी डबा, पोटात तेल. वरच्या तारेतली दांडगी वीज मी घेतो आणि बोअरच्या मोटारीला पचेल एवढी करून खाली देतो. बारा वर्षं हेच केलं.

मला बसवलं त्या दिवशी हार घातला, नारळ फोडला, गावपुढारी मोहनरावांनी माझ्यासंगं फोटो काढला. त्यानंतर माझ्याकडं मान वर करून पाहिलं ते फक्त लाईट गेल्यावर. चालू असलेल्या वस्तूकडं माणूस बघत नाही.

माझ्या खालच्या पेटीत फ्यूजची बारीक तार असते. भार जास्त झाला की ती वितळते, मोटारी थांबतात आणि मी वाचतो. तिचं कामच तुटायचं. पण ती तुटली की कोणाला तरी शेतापर्यंत चालत यावं लागायचं. मग मोटारवाल्यांपैकी बंकटनं डोकं चालवलं. कुंपणाची जाड तार तीन पदरी पिळून तिथं बसवली आणि म्हणाला, आता तुटायची भानगडच मिटली. सगळ्यांनी त्याला हुशार म्हटलं. चोर आला की कुत्रं भुंकतं, झोपमोड होते, म्हणून यांनी कुत्र्याचंच तोंड बांधलं आणि निवांत झाले.

दुसरी हुशारी म्हणजे ऑटो. स्टार्टरला हे डबडं जोडलं की लाईट येताच मोटार आपोआप सुरू होते, मालकाला घरून उठावं लागत नाही. एकानं बसवलं, मग भिवराबाईच्या पोरापर्यंत सतरा जणांनी. लाईट आली की सतरा मोटारी एकाच दमात माझ्या छातीवर बसायच्या. पाळीनं आल्या असत्या तर मी सगळ्यांना पुरलो असतो. पण थांबायचं कोणी, हे या शिवारात अजून ठरायचंय.

गोष्ट माघातली. भिवराबाईचा वीस गुंठे गहू चिकात होता. दाणा भरायला एक पाणी पाहिजे होतं, नाहीतर ओंबी पोकळ राहणार. पोरगा आणि सून ऊसतोडीला गेलेले. घरच्या वर्षाच्या पोळ्या ती म्हातारी एकटी राखत बसली होती. माझं तेल गळतंय, हेही फक्त तिच्याच ध्यानात आलं. तिनं मारुतीच्या पारावर माणसं बोलावली आणि सांगितलं, ऑटो काढा. लाईट आली की जरा थांबा, मग एकेक करून आठ मोटारी सकाळी चालवा, नऊ दुपारी. डीपी वाचंल, माझा गहू बी वाचंल.

मोहनरावांनी पहिला हात वर केला. मग सगळ्यांनी. मारुतीची शपथ झाली, चहा झाला. भिवराबाईनं सगळ्यांच्या आधी जाऊन आपला ऑटो काढून टाकला. तिला दुपारची पाळी आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला लाईट आली. बंकटच्या मनात काय होतं, ते पुढं तो माझ्याखाली तंबाखू मळताना बोलून गेला. बाकीचे तर थांबणारच हायेत, म्हणजे आज लाईट फुल. अशा दिवशी आपण थांबायचं म्हणजे येडेपणा. आपल्या एकट्यानं काय होतंय. हाच इचार आणखी पंधरा डोक्यांत आला होता, आणि प्रत्येकाला वाटलं की तो आपल्यालाच सुचला.

सोळा जणांचे ऑटो जागेवरच होते, सोळा मोटारी एकदम सुटल्या. सतरावीची मालकीण बांधावर बसून दुपारची वाट पाहत होती. माझं तेल उकळलं. जाड तार काही तुटली नाही. मग मीच जळालो.

धूर बघून सगळे पळत आले.

"माझी तर बंद हाय बे," भिवराबाईच्या शेजारच्या शेताचा आश्रुबा म्हणाला.

"माझी बी," बंकट म्हणाला.

सगळ्यांच्याच बंद होत्या. कोणी म्हणालं पाखरू बसलं असंल, कोणी म्हणालं मालच हलका. भिवराबाई सावकाश चालत आली.

"सोळा पाइपांनी पाणी पडत होतं," ती म्हणाली. "मी बांधावरून बघितलं."

कोणी तिच्याकडं बघेना. मोहनराव म्हणाले, "काकू, झालं ते झालं. आता डीपीचं बघू."

मला खाली उतरवलं. तीन दिवस तिथंच पडून होतो, कारण प्रत्येकाच्या मते ट्रॅक्टर दुसरा कोणीतरी आणणार होता. दुरुस्त होऊन परत चढलो तेव्हा पंधरा दिवस झाले होते. वरून पाहिलं तर भिवराबाई तोच गहू विळ्यानं कापून गाईपुढं टाकत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं मोटारीची कामं करणाऱ्या पप्पूला बोलावलं आणि स्टार्टरला ऑटो परत बसवून घेतला. आश्रुबा बांधावर उभा होता. त्याच्यानं राहवलं नाही.

"कावून काकू? तुमीच तर काढा म्हणत होत्या."

"म्हणत होते," ती म्हणाली. "थांबून बी पाह्यलं."

मला तिचा राग आला नाही. बाकीच्या सोळांचाही येत नाही आता, कीव येते, आणि थोडं हसू.

उद्या परत सकाळची लाईट आहे. सतराच्या सतरा ऑटो लावून तयार आहेत. माझं एवढंच मागणं आहे, बाबांनो. मी जळालो की माझ्याखाली जमून शपथा घेऊ नका. सरळ ट्रॅक्टर घेऊन या.