बावीस मिनिटांचा चहा

मामीचा फोन आला, कॉम्प्युटर बिघडलाय म्हणून. काय झालं विचारलं, तर म्हणाली, "लगेच सुरू होतो."

नात्यातले कॉम्प्युटर बघायचं काम वीस वर्षांपासून माझ्याकडे आहे. मी शिकलो इतिहास, नोकरी करतो विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात; पण एकदा एका साखरपुड्याच्या घरी मी प्रिंटरची निसटलेली वायर परत खोचली आणि तेव्हापासून तज्ज्ञ झालो. या वीस वर्षांत बंद पडतो, तापतो, घरघरतो, माझाच राग करतो, अशा सगळ्या तक्रारी ऐकून झाल्या. लगेच सुरू होतो, ही पहिलीच. त्यात तो लगेच सुरू व्हावा म्हणून दोन महिन्यांपूर्वी मीच माझा एक अख्खा रविवार घातला होता, आणि त्या रविवारावर मी अजून खूश होतो.

"मला तो पहिल्यासारखा हळू करून दे," मामी म्हणाली. मागे नळ वाहत होता. मामी नळ वाहता ठेवणारी बाई नाही. म्हणजे मामांना ऐकू जाऊ नये म्हणून तो सोडलेला होता. "आणि यांना कळू देऊ नकोस."

हे समजायला आधी मामा समजावे लागतात.

मामा मुद्रितशोधक. छापखान्यात चौतीस वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावर प्रकाशकांची पुस्तकं घरी यायला लागली. प्रुफं तपासायची, आणि पुस्तकाच्या शेवटी सूची असते, कोणता विषय कोणत्या पानावर, ती तयार करायची. सूची कुणी वाचत नाही, पण चुकली की सगळ्यांना कळतं. मामा मात्र दिसेल ते वाचतात. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, बसच्या तिकिटाची मागची बाजू, साबणाचं वेष्टन. माझ्या लग्नाची पत्रिका त्यांनी सात दुरुस्त्या करून मला परत पाठवली होती. बायको ते अजून विसरलेली नाही. पत्रिकेतला एक शब्द त्यांनी आधी खोडला होता आणि मग त्याच्याखाली बारीक टिंबं देऊन समासात 'असू दे' लिहिलं होतं. खोडलेलं परत ठेवायचं असलं की छापखान्यात तशी खूण करतात. मला वाटतं, लग्नाबद्दल तेवढाच एक आशीर्वाद त्यांनी मला लेखी दिला.

बोलणं कमी. समोर मजकूर आला की मामा घरात असून नसल्यासारखे. जेवायची हाक मारली की 'हं' म्हणतात, आणि ते 'हं' हाकेला आहे की पुस्तकातल्या एखाद्या वाक्याला, हे चाळीस वर्षांत मामीला कळलेलं नाही.

या मामांचा कॉम्प्युटर पंधरा वर्षांचा. ते त्याला म्हातारा म्हणतात, स्वतः शहात्तर असून. त्यांच्या मुलीनं दोन वर्षांपूर्वी नवा लॅपटॉप पाठवला होता. तो कपाटात, चांगल्या चादरींच्या खाली, वापरून खराब होऊ नये म्हणून ठेवलेला आहे. खरं कारण असं की त्याच्या सपाट बटणांवर मामांची टाइपरायटरची बोटं बसेनात. म्हाताऱ्याची बटणं खोल आणि खटखटीत होती.

रोज सकाळी साडेसातला मामा म्हाताऱ्याचं बटण दाबायचे आणि स्वयंपाकघरात येऊन बसायचे, कारण म्हातारा लगेच उठायचा नाही. आधी पंखा खोकायचा, मग पडदा काळा, मग निळा, मग एक चकती गोल गोल फिरत राहायची. निरक्षर चकतीकडे बघत बसणं मामांना शक्य नव्हतं. म्हणून तेवढ्या वेळात चहा.

"दिवसाकाठी तेवढंच बोलायचे रे माझ्याशी," मामी फोनवर म्हणाली.

मग नळाच्या आवाजाआडून तिनं बरंच सांगितलं. मुलीला परगावी नोकरीला जाऊ द्यायचं, हे त्या चकतीच्या फिरण्यात ठरलं. मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं नाही हेही तिथेच ठरलं आणि पुढच्या वर्षी, तिथेच, करायचं ठरलं. बाकीचे दिवस काहीच ठरत नसे. मामी भाजी निवडायची, मामा पेपरातल्या छपाईच्या चुका वाचून दाखवायचे, शेजारणीच्या मांजरीला किती पिल्लं झाली त्यावर वाद व्हायचा. एकदा मामा म्हणाले होते की तुझ्या हातचा चहा छापखान्यातल्या चहापेक्षा बरा आहे. छापखाना सोडून तेव्हा अकरा वर्षं झाली होती, पण मामीनं ते ठेवून घेतलं.

आणि मग मी गेलो आणि माझं ज्ञान पाजळलं.

गेलो तेव्हा म्हाताऱ्याची अवस्था खरंच वाईट होती. एक पान सरकवायला दहा सेकंद, आणि एका जाड ग्रंथाची सूची करताना तो दोनदा मध्येच झोपलेला. बाजारातल्या दुकानदारानं झाकण न उघडताच भंगार म्हणून निकाल दिला होता. ज्या कंपनीची प्रणाली आत होती तिनं त्या पिढीची काळजी घेणं कधीच सोडून दिलं होतं. जुना कॉम्प्युटर आणि जुना माणूस यांची तुलना करायचा मोह मी टाळतो, कारण मामा ती दुकानातच, मोठ्यानं, करून मोकळे झाले होते.

मी पेनड्राइव्हवर लिनक्स, म्हणजे दुसरी एक प्रणाली, घेऊन गेलो. त्यातलंही सगळ्यात हलकं, जुन्या यंत्रांसाठी बनवलेलं. फुकट असतं आणि कमी जागेत राहतं, चांगल्या पाहुण्यासारखं. मामांच्या सगळ्या फायली आधी बाजूला काढल्या. आतली धूळ काढली, ती तळहातभर निघाली. टाइपरायटरच्या मांडणीचा मराठी कळफलक बसवायला दुपार गेली. पडद्यावर चित्र नको, कोऱ्या कागदाचा रंग हवा, अशी मामांची अट होती, तीही पाळली. संध्याकाळी बटण दाबलं आणि म्हातारा एकतीस सेकंदांत उठून उभा राहिला.

मामांनी घड्याळ बघितलं, पडदा बघितला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मामांनी माझ्या अंगाला हात लावल्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यानंतर ते सगळ्यांना सांगत सुटले की भाच्यानं म्हाताऱ्याला धावायला लावलं. मीही, कुणी विचारलं नसलं तरी, सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मामांनी बटण दाबलं, स्वयंपाकघराकडे चार पावलं टाकली, आणि मागे पंखा खोकलाच नाही. ते वळले. पडद्यावर काल अर्धवट राहिलेलं पान हजर होतं. ते खुर्चीत बसले. मामीनं चहा तिथे नेऊन दिला. मामा 'हं' म्हणाले. साडेनऊला तिनं निवलेला कप परत आणला. तेव्हापासून दोन महिने हेच. दोन ग्रंथांच्या सूची पूर्ण झाल्या होत्या, तिसरा येऊ घातला होता, प्रकाशक खूश होता.

"त्यांना तसं सांग ना," मी म्हणालो. "म्हणावं, या चहाला."



"बोलावून बसवलेला माणूस घड्याळाकडे बघतो," मामी म्हणाली. "मला तसा नको."

मी विचारलं, मामा घरी कधी नसतात.

गुरुवारी मामा प्रकाशकाकडे कागद पोचवायला जातात. मी अर्धा दिवस रजा टाकून गेलो. जुनी प्रणाली परत घालणं शक्य नव्हतं. तिच्यात सूचीचं काम पुन्हा अडकलं असतं. धूळ परत भरणंही मनाला पटेना. पण हलक्या लिनक्सच्या आधी एक छोटं पान येतं. यंत्रात दोन प्रणाली असतील तर कोणती उघडू, असं ते विचारतं, पाच सेकंद थांबतं आणि आपलं आपण पुढे जातं. एकच प्रणाली असली की ते दिसतसुद्धा नाही. ते दाखवता येतं, आणि पाच सेकंदांच्या जागी हवा तो आकडा घालता येतो.

"पूर्वी किती वेळ लागायचा?" मी विचारलं.

"बावीस मिनिटं," मामी खिडकीतूनच म्हणाली. ती रस्त्यावर पहारा देत होती. एका क्षणाचाही विचार तिनं केला नाही. मला त्या नेमकेपणाचं कौतुक वाटलं.

मी तेराशे वीस सेकंद घातले. आयुष्यभर लोकांची यंत्रं वेगानं चालवून देणारा मी, एका धडधाकट यंत्राला बावीस मिनिटं गप्प बसायला शिकवून, मागच्या जिन्यानं उतरलो.

मग मामांच्या फोनची वाट बघत बसलो. काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं होतं: वय झालं की असं होतं, मामा. शुक्रवारी फोन आला नाही. शनिवारीही नाही. आठवडा गेला, महिना गेला. मामीचा तेवढा एकदा आला, इकडचं तिकडचं बोलली आणि शेवटी म्हणाली, "मांजरीला चार झालीत. हे पाचच म्हणतात." नळ बंद होता.

तरी मला राहवेना. अपडेट करायचं निमित्त काढून एका सकाळी ऑफिसच्या आधी मी गेलो. मामांनी दार उघडलं, हातात पेपर होता. स्वयंपाकघरात पातेल्याचा आवाज येत होता. आतल्या खोलीत म्हातारा सुरू होता आणि काळ्या पानावर सेकंदांचा आकडा एकेक करून उतरत होता. नऊशेच्या खाली आला होता.

"बिघाड दिसतोय," मी म्हणालो. आवाज मला स्वतःलाच पटला नाही.

मामांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि पेन्सिलीचं टोक पडद्याच्या तळाशी नेलं. तिथे बारीक इंग्रजीत एक ओळ होती. एन्टर दाबल्यास लगेच सुरू होईल, अशा अर्थाची. मी ती हजार वेळा बघितली होती. म्हणजे कधीच वाचली नव्हती. जो माणूस साबणाचं वेष्टन वाचतो, तो रोज सकाळी समोर येणारी ओळ वाचणार नाही, असं धरून मी हे सगळं रचलं होतं.

"कधी वाचलंत?" मी विचारलं.

"पहिल्याच शुक्रवारी."

"मग दाबत का नाही?"

मामांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "तिला सांगू नकोस, मला माहीत आहे म्हणून."

मी मान हलवली. त्या घरात आता दोघांची गुपितं माझ्याकडे होती आणि ती दोन्ही एकच होती.

मामा तरी पडद्याकडेच बघत होते. चूक सापडली की त्यांच्या भुवया जशा वर जातात, तशा गेल्या होत्या. "पण बावीस कुठून आणलीस तू? पूर्वी एकोणीस लागायची. मी रोज घड्याळ लावून बघायचो."

"मामीनं सांगितलं बावीस."

हातातली पेन्सिल पडद्याच्या काचेपर्यंत गेली, थोडा वेळ तशीच थांबली, आणि मग मामांनी ती कानावर अडकवली.

"असू दे," ते म्हणाले.

तेवढ्यात मामी दाराशी आली. तिनं माझ्याकडे बघितलं, मामांकडे बघितलं, मग काहीच माहीत नसलेल्या बाईच्या चेहऱ्यानं म्हाताऱ्याकडे बघितलं. "आलायस तर तुझाही टाकते चहा," ती म्हणाली.

पडद्यावर आठशेच्या आसपास आकडा होता. तेरा मिनिटं आणि वर काही सेकंद. मी म्हणालो, उशीर होतोय, पुन्हा कधीतरी. या बाईनं वीज मोजायला आलेल्या माणसालासुद्धा चहाशिवाय कधी जाऊ दिलेलं नाही. "बरं," ती लगेच म्हणाली, आणि मी चपला घालायच्या आत दार धरून उभी राहिली.