हीटरजवळची सीट

त्या तळ्याकाठच्या गावात अॅम्ब्युलन्स एकच होती आणि ती सांभाळणारे स्वयंसेवक तीन, तिघंही सत्तरीला टेकलेले. म्हणून मार्लीस लाहतीनं प्रशिक्षणाला नाव दिलं. पहाटे शाळेच्या बसगाड्यांवरचा बर्फ खरवडायचा, दिवसभर गॅरेजात पाने-पकडी घेऊन गाड्यांखाली पडायचं आणि संध्याकाळी अग्निशमन दलाच्या शेडमध्ये रबरी पुतळ्याची छाती दाबायला शिकायचं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत. पण हे घोडं तिनं स्वतःच दारात आणून बांधलेलं, मग तक्रार कुणाकडे करणार?

सरावाला खरी माणसं लागत. सकाळच्या कॉफीच्या वेळी ड्रायव्हर मंडळी बाह्या सरसावून तिच्यापुढे बसत.

"बघ गं, जिवंत आहे का मी," डेल म्हणाला. "बायको रोज विचारते, तिला काहीतरी सांगायला हवं."

हसत हसत तिनं नाडी बघायला ऑर्विल नीमीचा हात धरला. याच माणसानं तिला बस चालवायला शिकवली होती. बोटांखाली दोन ठोके पडले, मग काहीच नाही, मग चार-पाच एकदम धावत सुटले. तिनं पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं ऑर्विलनं पाहिलं आणि हात काढून घेतला.

"झोप झालेली नाही तुझी," तो म्हणाला. "मोजायला चुकतेयस."

चुकतही असेल, असं तिला वाटलं. आदल्याच दिवशी ती एका गाडीत तेल भरायचं विसरली होती. संध्याकाळी तिनं नाव न घेता जोआनला, म्हणजे शिकवणाऱ्या बाईंना, विचारलं.

"अशा माणसानं शिडीवरसुद्धा चढू नये," जोआन म्हणाली. "कोण आहे?"

"असाच एकजण."

दुसऱ्या दिवशी मार्लीसनं ऑर्विलला गाड्यांच्या मागे गाठलं.

"डॉक्टरांकडे जा. नाहीतर मी साहेबांना सांगते."

"सांग की. ते आजच परवाना काढून घेतील. परवाना गेला की नोकरी गेली, नोकरी गेली की विमा गेला. इलेनची केमो कशावर चाललीय, ठाऊक आहे ना तुला?" ऑर्विलचा आवाज खाली आला. "मे महिन्यापर्यंत, पोरी. तिचे डोस संपले की मी आपणहून जातो."

"आणि बसमधली पोरं?"

"तू अजून शिकतेयस. डॉक्टर झालेली नाहीस."

ऑर्विलच्या बायकोनं, इलेननं, मार्लीसच्या लग्नाचा केक केला होता, आणि आता त्या बाईच्या डोक्यावर केस उरले नव्हते. कुणाच्या तोंडातला घास काढायचा आणि कुणाच्या जिवाशी खेळायचं? चांगल्या माणसांची खोड अशी, की कुणालाच दुखवायचं नाही म्हणून ती मधली वाट शोधतात. मला तर अशा वाटेची धास्तीच वाटते. मार्लीसनंही ती शोधलीच. ऑर्विलच्या गाडीचा हीटर कुरकुरतोय, फेरीवर बसून ऐकायला हवा, असं तिनं साहेबांना सांगितलं आणि रोज सकाळी त्याच्या मागच्याच सीटवर बसू लागली.

"जरा जरी काही वाटलं, तर मला हाक मारायची," तिनं त्याला बजावलं.

"मारीन, मारीन."

तिची नजर आता त्याच्या मानेवरून हलेना. एकदा तो पायरीवर बुटाची नाडी बांधायला बसला आणि फार वेळ उठलाच नाही. एकदा पेट्रोल पंपावर गाडी तिरकी लावली, जन्मात कधी अशी लावली नव्हती त्यानं. मुलं मागे गात होती. रस्त्याच्या डाव्या हाताला तळं होतं, अजून पुरतं न गोठलेलं. दर वळणावर मार्लीस पुढचा दांडा घट्ट धरून बसायची.

परीक्षा जवळ आली तशी शिकवणी लांबू लागली. त्या गुरुवारी मार्लीस बसमध्ये चढली तेव्हा तिचे डोळे चुरचुरत होते. हीटरजवळची सीट उबदार होती. हीटर मुळीच कुरकुरत नव्हता.

तिला जाग आली ती शांततेनं. गाडी तळ्याच्या वळणाआधी कडेला उभी होती, ब्रेक ओढलेला, धोक्याचे दिवे लुकलुकत होते. मुलं चिडीचूप होती. ऑर्विलचं डोकं खिडकीच्या काचेला टेकलं होतं.

तिनं त्याच्या मानेवर बोटं ठेवली. या वेळी मोजण्यात चूक व्हायचा प्रश्नच नव्हता. कितीतरी दिवसांपूर्वी साहेबांना जे सांगायला हवं होतं, ते तिनं आता रेडिओवर ओरडून सांगितलं. वरच्या वर्गातल्या दोघांनी त्याला ओढून मधल्या वाटेत आडवा केला आणि ती गुडघ्यांवर बसून छाती दाबू लागली. पुतळ्याची छाती अशी करकरली नव्हती.

पहिल्या सीटवर छोटी ब्रिन दप्तर पोटाशी धरून बसली होती.

"त्यानं हाक का नाही मारली?" दाबता दाबता मार्लीस म्हणाली. स्वतःशीच, पण ब्रिनला वाटलं आपल्याला विचारतेय.

"मी उठवणार होते तुला," ब्रिन म्हणाली. "पण मिस्टर ऑर्विल म्हणाले, नको. फार दमलीय ती, झोपू दे थोडा वेळ."